आठवी आसरा

"अशी रुसू नको ना गं... ये. इकडं ये. मी काही करणार नाही तुला. फक्त एकदा बघू दे..."

धुक्यातून पुरुषाचा आवाज येत होता आणि मी जागच्या जागी थिजले.

भर दुपार होती. पण श्रावणातली मुळशीची दुपार ती! धरणाच्या पाण्यावरून धुकं वर चढलं की आमच्या वाडीत बारा वाजतासुद्धा घरात दिवा लावावा लागतो. आणि मी उभी होते नेमकी साती आसरांपाशी. पाण्याच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड आहेत. या सात बहिणी पाण्यात राहतात, तरणी पोर आवडली की तिला आपल्यात ओढून नेतात, म्हणून तिकडं भर दुपारी केस मोकळे सोडून जायचं नाही, असं धोंडाआत्यानं मला शंभरदा बजावलं होतं. मग मी काय केलं? भर दुपारी, नुकते धुतलेले केस मोकळे सोडून, दावं तोडून पळालेली म्हैस शोधत तिथंच गेले. सांगितलेलं ऐकेल ती रेश्मा कसली!

"कोण आहे?" मी ओरडले. आवाज चांगलाच कापला.

पलीकडचा आवाज गप्प झाला. पाणीसुद्धा गप्प झाल्यासारखं वाटलं. मग धुकं जरासं हललं आणि समोर एक उंच तरुण दिसला... गुडघ्यापर्यंत गमबूट, अंगात रेनकोट, हातात दोर, आणि दोराच्या टोकाला आमची तारी म्हैस. मी घाबरले होते खरी, पण तो माझ्याहून जास्त घाबरला होता. माझे ओले केस, हिरवा ड्रेस, चिखलातले अनवाणी पाय... त्याची नजर वरून खाली गेली आणि पुन्हा वर आली.

"मी... मी सात आहेत असं ऐकलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही आठव्या का?"

मला हसूच फुटलं. "हो. आठवी. ओढून नेऊ?"

"न्या की," त्याच्या तोंडावर रंग परत आला. "पण आधी म्हशीला इंजेक्शन देऊ द्या. तुमचीच ना ही? घरून फोन आला होता, कास सुजलीय म्हणून."

"म्हणजे तुम्ही डॉक्टर?"

"जनावरांचा. पौडच्या दवाखान्यात नवीन आलोय. दिग्विजय."

"अगं बाई! एवढं दिग्विजय नाव, आणि एका म्हशीच्या विनवण्या करताय?"

"म्हशीच्याच करतो," तो म्हणाला. "बाकी कुणी अजून करायला लावल्या नाहीत."

घ्या! धुक्यात पहिली भेट, आणि हा असा बोलतो. मी तारीचा दोर त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पुढं चालू लागले. पण घर येईपर्यंत माझे कान मागं, त्याच्या गमबुटांच्या फचफच आवाजाकडं होते.

घरी चहाच्या वेळी, दिग्विजयसमोरच, मी ही गंमत सगळ्यांना सांगितली आणि तिथंच चुकलं. धोंडाआत्या ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची आत्या, म्हणून अख्ख्या घराचीच आत्या. तिच्या हातातली बशी कलंडली.

"त्या जाग्यावर म्हनला? आठवी म्हून? अन् तू व्हय म्हनलीस?"

"अगं आत्या, मस्करी केली त्यांनी."

"त्यास्नी मस्करी कळती व्हय गं?" आत्या पाण्याच्या दिशेनं बघत पुटपुटली. तिनं उठून मीठमोहऱ्या घेतल्या, माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या नाहीत. नुसत्या काळ्या पडल्या. आत्या त्या चुलीकडं किती तरी वेळ बघत बसली आणि मग तिनं दिग्विजयकडं असं बघितलं, की बिचाऱ्यानं अर्धा चहा तसाच ठेवला.

पण तो पुन्हा आला. कासेची सूज बघायला. मग सूज उतरली का ते बघायला. मग उतरलेली सूज उतरलेलीच आहे ना, ते बघायला. हात धुताना तांब्यानं पाणी मी घालायची. पत्र्यावर पाऊस वाजायचा, तारी रवंथ करायची, आणि आमचं बोलणं आपलं चालूच.

"म्हशीची नाडी कुठं असते हो डॉक्टर?"

"शेपटीच्या खाली."

"आणि माणसाची?"

त्यानं माझ्या मनगटाकडं पाहिलं. पाहतच राहिला. "ती मला शिकवलेली नाही," तो हळूच म्हणाला. तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर पडायचं सोडून त्याच्या गमबुटात पडत होतं, ते दोघांनाही कळलं नाही.

एके दिवशी आबांनी गोठ्याच्या दारात तंबाखू मळत विचारलं, "डॉक्टर, म्हस तर ठणठणीत हाय. आता कुनाची तपासनी चाललीया?" दिग्विजय कानापर्यंत लाल झाला. मी घरात पळाले आणि उशीत तोंड खुपसून हसले. मला तो आवडला होता. लपवायचं कशाला? फार आवडला होता.

एक आत्या सोडली तर सगळं छान चाललं होतं. आत्या आता मला पाण्याकडं जाऊ द्यायची नाही. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं की दार लावून घ्यायची. "काकनं वाजत्यात," म्हणायची. "ऐक. पान्याकडनं काकनं वाजत्यात." मी म्हणायची, वारा आहे गं. पण खरं सांगू? एकदा मीही ऐकली.

श्रावणाच्या शेवटाला एका सकाळी मला पोटात दुखायला लागलं.

सुरुवातीला विशेष काही नव्हतं. बेंबीच्या आसपास, नेमकं कुठं ते सांगता न येणारं. भाकरी पुढ्यात आली तर तिचा वासही नको झाला. दुपारी एकदा उलटी झाली. आईनं विचारलं काय खाल्लंस, मी म्हटलं काहीच नाही.

"बेंबी सरकली," आत्यानं माझ्याकडं बघताच सांगून टाकलं.

यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. ओझं उचललं, उडी मारली, की बेंबी जागची हलते आणि पोट दुखतं, असं आमच्याकडं सगळे मानतात. मग आत्याला बोलावणं यायचं. ती पोट तेल लावून चोळायची, बेंबीवर पेटती पणती ठेवून त्यावर पेला पालथा घालायची. पणती विझायची, पेला कातडीला घट्ट धरायचा, आणि माणूस उठून बसायचा. लोक पार घोटावड्याहून यायचे तिच्याकडं. तिचे हात मऊ आणि उबदार होते. लहानपणापासून माझं प्रत्येक दुखणं त्याच हातांनी घालवलं होतं. मी निमूट आडवी झाले.

पणती विझली, पेला बसला. आत्यानं तो ओढून काढला आणि माझ्या पोटात कळ आली. ही कळ बेंबीपाशी नव्हती. उजवीकडं खाली, कमरेच्या हाडाच्या आत, एका जागी. तिथं आता बोट ठेवून दाखवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी उजव्या बाजूला वाकून चालत होते. अंगात कणकण होती. आत्यानं पुन्हा हात लावला आणि मी किंचाळले, तशी ती एकदम मागं सरली. तिचा चेहरा बघून माझ्याच अंगावर काटा आला.

"ही बेंबी न्हवं," ती आईला म्हणाली. "त्यास्नी धरलंय हिला. आठवी पायजे त्यास्नी."

"दवाखान्यात न्हेऊया का?" आई रडकुंडीला आली होती.

आबा दारात उभे होते. "न्हेऊ. पन आधी आसरांची वटी भरून हू दे. अन् लगनाच्या पोरीचं पोट दुकतंय म्हून गाडी करून न्हेली, तर उद्या पौडच्या बाजारात लोक काय काय बोलतील, ठावं हाय न्हवं? त्यातनं डॉक्टर म्हनला, पोट फाडा, मग? टाका पडल्याल्या पोरीला कोन करून घेनार?"

मला ओरडावंसं वाटलं, की आबा, पोट माझं दुखतंय, बाजाराचं नाही! पण ओरडायला पोट ताणावं लागतं. मी दात आवळून पडून राहिले. आई खण, हिरव्या बांगड्या, दहीभात काढायला लागली. बाहेर धुकं इतकं दाट झालं होतं की अंगणातला लिंबही दिसेना.

त्या धुक्यातून मोटरसायकलचा आवाज आला. दिग्विजय म्हैस बघायला आला होता!

आईनं त्याला आत घेतलं. मला वाकडं होऊन पडलेलं पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"काय होतंय?"

"तुमचं काय काम?" मी म्हटलं. "मला चार पाय नाहीत."

"दोन आहेत ना? मग उभ्या राहा. आणि एका पायावर उडी मारा."

"लंगडी खेळायचीय माझ्याशी?"

"खेळायचीय. मारा उडी."

मी भिंत धरून उठले. उजव्या पायावर उडी मारायला गेले आणि टाच जमिनीला टेकताच डोळ्यांपुढं अंधारी आली. खालीच बसले. तो पुढं झाला, पण त्यानं हात लावला नाही. गुडघ्यावर बसून माझ्याकडं बघत राहिला.

"तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं खायला?"

"हे आता का?"

"सांगा तर."

"मासवडी."

"समजा, आत्ता आणली. गरमागरम. रश्शात बुडवून—"

"नको!" मला ओकारी आली. "नाव काढू नका."

तो याही वेळी हसला नाही. "आता तुमच्याच हातानं, उजवीकडं, जिथं दुखतंय तिथं हळूच दाबा. अजून. आणि पटकन हात सोडा."

दाबलं तेव्हा दुखलंच. पण हात सोडला तेव्हा जी कळ आली, तिनं माझ्या तोंडून शब्दसुद्धा फुटला नाही. नुसतं पाणी आलं डोळ्यांतून.

दिग्विजय उठला. एरवी तो शिकल्यासारखं शुद्ध बोलायचा, पण तो मूळचा घोटावड्याचा, आणि घाबरला की घोटावडं बाहेर पडायचं. "काका, गाडी काढा. आत्ताच्या आत्ता. अपेंडिक्स हाय हे. आतड्याला करंगळीएवढं शेपूट असतंय, ते सुजलंय. तेल चोळू नका, शेकू नका, खायाप्यायला कायबी देऊ नका. पौडला चला."

"तुमी जनावराचं डॉक्टर न्हवं का?" आबा म्हणाले.

"व्हय. म्हशीला अपेंडिक्स नसतंय. म्हणून म्हशीचं न्हाई सांगत, हिचं सांगतोय."

"तू बोलूच नगंस!" आत्या कडाडली. ओटीचं ताट तिनं उचललं. "तुज्याच तोंडानं सांडलंय समदं. तितं उभं ऱ्हाऊन आठवी म्हनलास माज्या लेकराला. आता त्यास्नी समजूत घालून येऊ दे मला. तू जा हितनं."

आबांनी मान फिरवली. दिग्विजयनं माझ्याकडं एकदा पाहिलं. "मी जात नाही," तो म्हणाला. "गोठ्यात बसतो." आणि खरंच जाऊन बसला.

आत्या आणि आई ओटी घेऊन पाण्यावर गेल्या. आबा उंबऱ्यात बसले. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते, कळा मोजायचंही सोडून दिलं होतं.

आणि दुखायचं थांबलं.

एकदम. कुणीतरी आतून दार ओढून घ्यावं तसं. मी श्वास रोखला, पुन्हा कळ येईल म्हणून वाट पाहिली. नाही आली. पाय सरळ केले. सरळ झाले! घरभर एवढी शांतता पसरली होती की पत्र्यावरून ओघळणारा थेंब ऐकू येत होता. मला हलकं वाटत होतं, फार हलकं. आणि पाण्याकडून बांगड्यांचा आवाज येत होता, स्पष्ट. बऱ्याच जणी मिळून धुणं धुताना येतो तसा. घाबरायला हवं होतं मी. पण मला भीतीच वाटत नव्हती. उलट वाटत होतं, उठावं, दार उघडावं आणि चालत जावं. तहान लागली होती आणि पाणी तिथं होतं.

आत्या परतली तेव्हा मी हसत होते. "आत्या, थांबलं गं. एकदम थांबलं."

आत्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "ऐकलं माज्या बायांनी! ऐकलं!" आईनं माझा पापा घेतला. आबांनी डोळे पुसले आणि बाहेर तोंड करून ओरडले, "डॉक्टर, या आत! च्या प्या. पोरगी बरी झाली!"

दिग्विजय धावत आला. मी त्याला म्हटलं, "हरलात. आत्या जिंकली."

मला वाटलं होतं, हा हसेल. काहीतरी चावट बोलेल. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. असा, की घरातलं हसू एकेक करून विझलं.

"कधी थांबलं?" त्यानं विचारलं.

"आत्ताच. आत्या तिकडं गेली तेव्हा."

आत्यानं मला पाजायला आणलेली दुधाची वाटी त्यानं काढून घेतली. मग रेनकोट काढला आणि सगळ्यांसमोर शर्ट वर केला. छातीच्या खालपासून बेंबीच्या बाजूनं पार खाली जाड, वेडावाकडा व्रण होता, घाईघाईत गोणीचं तोंड शिवावं तसा.

"आजी, हात लावून बघा," तो आत्याला म्हणाला. "बारावीत होतो. असंच दुखलं, असंच वाकून चालायचो. आणि असंच एका दुपारी थांबलं. आईनं नारळ फोडला. मी उठून भात खाल्ला. दिवस मावळायच्या आत पोट दगडागत झालं. ते थांबतंय म्हंजी बरं होत न्हाई, आजी. आत फुटतंय. सगळा पू पोटात पसरतोय. आता हिच्याकडं फार वेळ न्हाई."

आत्यानं हात पुढं केला. सुरकुतलेलं बोट त्या व्रणावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. खूप हळू.

"तुजी बेंबी कुनी बसवली व्हती रं लेका?"

"माझ्या आज्जीनं. जीव होता तिचा माझ्यावर. अजून मला जेवताना बघितलं की रडती."

आत्यानं हात मागं घेतला. स्वतःच्या दोन्ही हातांकडं बघत राहिली, ज्यांनी काल आणि आज मला चोळलं होतं. मग ती माझ्याजवळ आली, माझ्या कपाळाला गाल लावला. कपाळ तापलं होतं आणि तिचा गाल गार होता.

"वाल्मिका," ती आबांना म्हणाली, "गाडी काड. लोकं बोलली तर माज्याकडं पाठीव. अन् ह्यो टाका बग. ह्याला काय धाड भरलीया का?"

आमची दुधाची पिकअप होती. कॅन बाजूला लोटून आईनं गोधडी अंथरली. पुढं आबा आणि आई, मागं मी, आत्याच्या मांडीवर डोकं, आणि पलीकडं दिग्विजय. रस्ता दिसत नव्हता. आबा दिवे लावून, हॉर्न वाजवत, अंदाजानं चालवत होते. रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. प्रत्येक खड्ड्यात आता सगळं पोट दुखायला लागलं होतं, एकच जागा नाही, सगळंच.

आणि मला त्या दिसल्या. रस्त्याच्या पाण्याकडच्या बाजूला, धुक्यात, हिरव्या लुगड्यांत. गाडी पुढं जायची आणि त्या पुन्हा पुढं उभ्या असायच्या. कुणी बोलत नव्हतं. एकीनं हात पुढं केला होता. तिचा हात ओला होता, एवढं मला नीट दिसलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "त्या उभ्या आहेत."

नाहीत, भास आहे, ताप आहे, असं काहीही तो म्हणाला नाही. त्यानं माझा हात घट्ट धरला. "राहू दे उभ्या. आपण थांबणार न्हाई. तू माझ्याशी बोल. डोळे मिटू नको, रेश्मा. बोल कायतरी."

"तारी... कधी बरी झाली?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग यायचात कशाला?"

"तुला ठाऊक हाय कशाला."

"नाही. सांगा."

"आत्ता?" त्यानं आत्याकडं पाहिलं. आत्या बाहेर बघत होती, पण कान इकडंच होते. "तू लई आवडतीस मला," तो म्हणाला. "हे काय सांगायचं ठिकाण हाय का? दुधाच्या गाडीत! मी चांगलं ठरवलं होतं, दसऱ्याला सांगायचं. नीट कपडे घालून. तू दसऱ्यापर्यंत हवीस, रेश्मा. तिथून पुढंबी हवीस. ऐकतीस ना?"

मी ऐकत होते. पण जीभ वळत नव्हती. मी त्याचं बोट दाबलं. तेवढं जमलं.

पौडच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला. सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, पुण्याला फोन केला, अँब्युलन्स आली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ऑपरेशन दुर्बिणीनं होण्यासारखं राहिलं नव्हतं. पोट उघडून, सगळा पू काढून, आत धुवून घ्यावं लागलं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, पोटाला नळी आणि उशाला आत्या. तिनं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं, तिथंच फरशीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

मग सुरू झाली माझी फजिती. पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी पुन्हा कामाला लागेपर्यंत पाण्याचा थेंबही देत नाहीत, आणि ती लागली हे कळायची एकच खूण असते. सिस्टर वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "रेश्मा, गॅस सरला का?" आई विचारायची. आबा दारातून आईला विचारायचे. शेजारच्या खाटेवरची बाई विचारायची. दिग्विजय पहिल्यांदा भेटायला आला, स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला, माझ्याकडं असा बघत उभा की माझं काळीज विरघळावं... आणि तेवढ्यात सिस्टर आल्याच.

"गॅस सरला का?"

मी पांघरूण डोक्यावर ओढलं. बाहेरून त्याचा गंभीर आवाज आला, "म्हशींच्या बाबतीत आम्ही पण हेच विचारतो."

"हसवू नका! टाके तुटतील माझे!"

पण हसले मी. दुखलं तरी हसले. आणि दुसऱ्या दिवशी ती शुभवार्ता आली, तेव्हा आत्यानं अख्ख्या वॉर्डाला साखर वाटली. यापेक्षा जास्त लाज माणसाला आयुष्यात कधी वाटत नसेल. पण आई चमच्यानं पाणी पाजायला लागली, तेव्हा आत्यानं तो चमचा तिच्याकडून घेतला आणि दिग्विजयच्या हातात दिला. आबांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्या पाण्याची चव मी मरेपर्यंत विसरणार नाही.

घरी आले तेव्हा भादवा सरत आला होता. आता आत्या पोटदुखीचं माणूस दारात आलं की पेला काढत नाही. आधी विचारते, दुखणं बेंबीवरनं उजवीकडं गेलं का, भूक गेली का. आणि मग हात मागं घेऊन सरळ सांगते, "पौडला जा. उशीर करू नगंस." पण एक दिवस दुपारी तिनं पुन्हा खण आणि बांगड्या काढल्या.

"आत्या! अजून?" मी चिडले.

"तू बी चल. अन् त्या जनावराच्या डॉक्टरलाबी बलीव."

आम्ही तिघं पाण्यावर गेलो. धुकं होतंच. पाणी कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. आत्यानं सात दगडांसमोर ओटी ठेवली, हात जोडले, आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"बायांनो, तुमचा मान मोठा. हिला न्ह्यायला आलासा व्हय का न्हाई, मला ठावं न्हाई. हिला वाटंला म्याच लावलं व्हतं, माज्या ह्या हातांनी. ती परत आली. आता तिच्याकडं बगू नका. ही तुमची न्हवं." तिनं दिग्विजयकडं मान वळवली. "ही हितं दिली."

मी तिच्याकडं वळले. "आत्या, मला विचारलंस?"

"गाडीत ऐकलंय की समदं."

"ते ह्यांनी सांगितलं. मी कुठं काय बोलले?"

दिग्विजय माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आता शुद्ध बोलेल असं वाटलं होतं, पण बहुतेक घाबरला होता. "मग आता बोल की," तो म्हणाला. "मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय. न्हाई म्हणलीस तर मी परत येनार न्हाई. म्हशीसाठीबी न्हाई."

माझा हात नकळत पोटावरच्या टाक्यावर गेला. मी मरता मरता वाचले होते आणि या माणसासमोर उभी होते. आता लाजण्यात वेळ घालवायची मला अजिबात इच्छा नव्हती.

"व्हय," मी म्हटलं. "तुम्हीच हवे आहात मला. मला गाडीतच सांगायचं होतं. तोंडातून शब्द निघत नव्हता."

त्यानं माझा हात हातात घेतला. आत्यानं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि आम्हाला पुढं घातलं.

"चला आता. वटी ठेवली की मागं वळून बघायचं न्हाई."

आम्ही चढाला लागलो. आणि मागं पाण्यावर बांगड्या वाजल्या, एकदाच, हळू... कुणीतरी ओटीतला चुडा हातात भरावा तशा. आत्या थांबली नाही. मी दिग्विजयकडं पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणजे त्यानंही ऐकलं होतं.

 तो माझा हात आणखी घट्ट धरून चालत राहिला. आणि घर येईपर्यंत त्यानंही मागं वळून पाहिलं नाही.